दोन शिरोरेषा

हजेरीपटावर दगड ठेवला होता तो निव्वळ पान उडू नये म्हणून. डोक्यावर पंखा गरगरत होता, खिडकीतून नगर रस्त्याची धूळ येत होती आणि हाताशी दुसरं काही जड नव्हतं. दगड खाणीवरून येणाऱ्या एका पोरानं आदल्या दिवशी दिलेला. काचेसारखा आरपार, आणि आकार असा की चौकोनी खोक्यावर कुणीतरी बसावं आणि ते एका अंगाला कलावं. मी पहिलं नाव पुकारायला मान खाली घातली आणि ‘इयत्ता सातवी’ या दोन शब्दांवर मला दोन शिरोरेषा दिसल्या.

चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. दोनच. ‘सा’ दोन, ‘त’ दोन, ‘वी’ दोन, एकाच्या खांद्याला खांदा लावून दुसरं. दगड उचलला, एक रेघ. ठेवला, दोन. उचलला, एक. ठेवला, दोन! पहिल्या बाकावरची मॉनिटर म्हणाली, “बाई, काय झालं?” आणि 14 वर्षं कडक म्हणून ओळखली जाणारी मी जवळजवळ किंचाळलेच, “इकडे या! सगळे या! एकदम नको, ओळीनं या! नाही, एकदमच या!”

त्या दिवशीची हजेरी मी मधल्या सुट्टीत, आठवून आठवून भरली.

आता हे सांगायला हवं की मी विज्ञानाची बाई नाही. मी मराठी आणि इतिहास शिकवते. विज्ञानाशी माझा दहावीतच काडीमोड झाला होता आणि दोघांनाही त्याचं दुःख नव्हतं. पण गणपतीनंतर आमच्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि वाघोलीच्या पलीकडच्या आमच्या शाळेत ऐन सत्रात बदली शिक्षक मिळणं कठीण. हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, “पुस्तक वाचून दाखवा, प्रश्नोत्तरं लिहून घ्या. तोवर त्या येतीलच.” मी मान डोलावली. पहिलाच धडा खनिजांचा. खनिज म्हणजे काय, धातुखनिज म्हणजे काय, फरक सांगा, रिकाम्या जागा भरा. मी वाचून दाखवायला लागले आणि चौथ्या मिनिटाला मला स्वतःलाच जांभई आली. मुलांच्या देखत. तोंडावर हात न ठेवता.

म्हणून केवळ लाजेपोटी सांगितलं, उद्या प्रत्येकानं घरातून एक खनिज आणा.

आणि काय आलं म्हणून सांगू! सैंधव आलं, खडेमीठ आलं, न्हाव्याच्या दुकानातली तुरटी आली, कुंडीला लावायचा गेरू आला. कुणाच्या तरी आजीच्या बटव्यातलं शंखजिरं आलं, जे बोटांवर चोळलं की साबणासारखं सुळसुळतं. अभ्रकाचा पापुद्रा आला, त्याचे नखानं आणखी पापुद्रे सुटत गेले, सुटतच गेले. दोघींनी रांगोळी आणली आणि ती खनिज कशी असेल म्हणून बाकीच्यांनी त्यांना हसून घेतलं. खडेमिठाचा दाणा मी भिंगाखाली धरला. आयुष्यभर ज्या हातानं मीठ घातलं त्याच हातानं धरलेला दाणा, आणि त्याला कोपरे होते! काटकोनी! लहानसा, नीट कापलेला ठोकळा. भरणीतला कुठलाही दाणा घ्या, झिजलेला असेल, तुटलेला असेल, पण मोडला आहे तोसुद्धा काटकोनातच. घरी जाऊन मी साखर पाहिली. साखरेचं रूप निराळं. मिठाला मिठाचं आणि साखरेला साखरेचं वळण आहे, आणि हे मला 43 व्या वर्षी कळतंय!

खडक आणि खनिज यातला फरक मुलांना मी चिवड्यावरून सांगितला. खडक म्हणजे चिवडा, खनिजं म्हणजे त्यातले पोहे, शेंगदाणे, डाळं, खोबरं. आपल्या काळ्या कातळातही फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन असे जिन्नस आहेत, फक्त इतके बारीक की डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. लाव्हा भराभर थंड झाला, मोठे खडे तयार व्हायला सवडच मिळाली नाही. “म्हणजे बाई, मिक्सरमधून काढलेला चिवडा,” मागून आवाज आला. मला हे सुचलं नसतं.

खाणीवरच्या पोरानं मात्र खनिज आणलं नव्हतं. त्यानं पिशवी आणली होती. टेबलावर उपडी केली तर आतून पांढरे पंखे, सुयांचे झुबके, हिरवट झाक असलेले टोकदार खडे, फिकट गुलाबी गवताच्या पेंढीसारखं काहीतरी, आणि तो कललेला पारदर्शक खोका. त्याचे वडील सुरुंगाची भोकं मारायचं काम करतात. “हे सगळं फेकायचंच असतं बाई,” तो म्हणाला. काळा कातळ लागला की खडीला चांगला, क्रशरवर जातो. भोकाभोकांचा मांजऱ्या लागला की मुकादम कपाळावर हात मारतो. त्या भोकांतून हे निघतं. पोरं खेळायला नेतात, कधी कुणी माणूस येऊन विकत नेतो, बाकीचं ढिगाऱ्यात.

त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत वाचत बसले. आपण ज्याच्यावर घरं बांधतो, शेतं नांगरतो, ते दख्खनचं पठार म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेले लाव्ह्याचे थर. आजही ते साधारण 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे तसेच राहिले, भाकरीला पडतात तशी भोकं पडली. मग त्या भोकांतून पाणी झिरपलं. खडकातलं जे जे विरघळेल ते पाण्यानं उचललं आणि पोकळीच्या भिंतींवर थराथरानं आणून लावलं, निवांतपणे. काळ्या कातळाला मिळाली नव्हती ती सवड इथे मिळाली, जागाही मिळाली, म्हणून खडे मोठे! पेंढी दिसते ते स्टिल्बाइट. हिरवट टोकदार ते अ‍ॅपोफिलाइट. जगभरच्या संग्रहालयांत पुण्या-नाशिकच्या खाणींतले हे खडे काचेत मांडलेले आहेत. भोर घाटातून रेल्वे काढताना, म्हणजे 1863 साली तो मार्ग सुरू व्हायच्या आधी, डोंगर फोडला तेव्हाही असे सुंदर नमुने हाती लागले होते. आणि कॅव्हनसाइट! मोरपिसाच्या डोळ्यासारखा निळा, कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तिघांची आद्याक्षरं जोडून नाव ठेवलेला खडा. पहिल्यांदा तो अमेरिकेत ओरेगनमध्ये मिळाला, पण त्याचे जगातले सर्वांत देखणे नमुने कुठले? वाघोलीचे! मी रोज पीएमपीच्या बसमधून नाकाला रुमाल लावून जाते ती वाघोली!

दुसऱ्या दिवशी अख्खी सातवी निळ्या खड्याच्या मागे लागली. शाळेमागचा ढीग उपसला. शेवटी सापडला एक, निळाशार, चकचकीत. शौचालयाच्या फरशीचा तुकडा निघाला.

पण खरी गंमत इथून पुढे आहे.

पुस्तकात कठिणतेचा उल्लेख होता. फ्रीडरिश मोस नावाच्या जर्मन माणसानं 1812 मध्ये दहा खनिजं ओळीत लावली, शंखजिरं एक नंबरला आणि हिरा दहाला. जो दुसऱ्यावर ओरखडा उठवतो तो वरचा. मुलांना हे लगेच पटलं, कारण वर्गाचा न्यायही साधारण असाच असतो. हे नुसते क्रमांक आहेत, मार्क नाहीत, हेही पटलं. दहावा हिरा नवव्या कुरुंदापेक्षा एका घरानं पुढे दिसतो, प्रत्यक्षात कितीतरी पटींनी कठीण असतो. वार्षिक परीक्षेत पहिला आणि दुसरा यांच्यात एका मार्काचा फरक आहे की चाळीस मार्कांचा, हे नंबरावरून कळतं का? तसंच.

मग गट पाडले. प्रत्येक गटाला नख, तांब्याची तार आणि खिळा. नख साधारण अडीच, तांबं तीन-साडेतीन, खिळा पाचच्या आसपास. अनोळखी खडे द्यायचे आणि क्रम लावायचा. सोपं काम. मी खुर्चीत बसले.

दहा मिनिटांत मारामारीची वेळ आली. एकाच हिरवट खड्याबद्दल दोन नंबरच्या गटाचं म्हणणं, खिळ्यानं ओरखडा उठतो. पाच नंबरचा गट म्हणतो, उठत नाही. दोन्ही गटांत माझे हुशार म्हणून ठरलेले विद्यार्थी. “हिनं जोरात घासलं!” “तू हळू घासलंस!” “तुमचा खिळा गंजलाय!” मी मध्यस्थी करायला उठले आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे उत्तर नाही. मला खरंच माहीत नव्हतं कोण बरोबर. 14 वर्षांत वर्गात असं पहिल्यांदाच झालं असेल. घाम फुटला आणि मजाही वाटली, एकाच वेळी.

“मग काय करायचं?” मी विचारलं. हे मी शिक्षणशास्त्र म्हणून विचारलं नाही, खरोखरच विचारलं.

“सगळ्यांनी सारखाच जोर लावायचा,” मॉनिटर म्हणाली.

“सारखा म्हणजे किती?”

शांतता. मग एकीनं डब्याच्या पिशवीतून मिठाचा पुडा काढला, आईनं दुकानातून न्यायला सांगितलेला, एक किलोचा. लाकडी पट्टीच्या भोकात खिळा बसवायचा, वर पुडा ठेवायचा आणि पट्टी नुसती ओढायची. जोर मिठाचा, आपला नाही! मी टाळी वाजवली. पण लगेच दुसरा म्हणाला, खिळा पाच वेळा घासून बोथट झाला असेल, दर वेळी नवा घ्या. तिसरा म्हणाला, खडा ओला नको. चौथा म्हणाला, खड्याची तीच बाजू, कारण याची वरची बाजू मोत्यासारखी चमकते आणि कडेची काचेसारखी. बरोबर होतं त्याचं. अ‍ॅपोफिलाइट आडवं पापुद्र्यासारखं सुटतं, त्याच्या नावातच ग्रीक पान आहे. फळ्यावर ‘हे बदलायचं नाही’ अशी यादी करत गेले ती अकरापर्यंत पोहोचली. बदलायचं फक्त एक, खडा. बघायचं फक्त एक, ओरखडा.

आणि ओरखडा तरी खरा का? गारगोटीवर खिळा फिरवला तर करडी रेघ उमटली. जल्लोष. खाणीवरच्या पोरानं बोट जिभेला लावलं, रेघेवरून फिरवलं. रेघ गेली. “गारेचं काही झालं नाही बाई. खिळाच घासलाय.” गारगोटी सातची, खिळा पाचचा. उमटलेली रेघ लोखंडाची होती. वर्गात असं गप्प होणं मी फक्त सहामाहीच्या निकालाच्या दिवशी पाहिलं होतं.

बी.एड.ला आम्हाला हे सगळं होतं. स्वाश्रयी चल, आश्रयी चल, नियंत्रित चल. मी पाठ केलं, पेपरात लिहिलं, चांगले मार्क पडले आणि विसरले. शब्द इतके जड की त्यांच्या आत काही असेल असं वाटलंच नव्हतं. आता फळ्यावर तीन रकाने आखले: आपण बदलायचं ते, बघायचं ते, हात लावायचा नाही ते. वर शीर्षक द्यायचं म्हणून लिहिलं ‘प्रयोग’.

आणि खडू हातातच राहिला.

प्रयोग! अहो, मी 14 वर्षं प्रयोगच शिकवत होते! कर्तरी, कर्मणी, भावे! आठवा, प्रयोग कसा ओळखायला सांगतो आपण? ‘तो चिंच खातो.’ कर्ता बदला, बाकी काही हलवू नका: ‘ती चिंच खाते.’ क्रियापद बदललं. आता कर्ता पूर्वीचाच ठेवा आणि कर्म बदला: ‘तो आंबा खातो.’ क्रियापद ढिम्म. म्हणजे क्रियापद कर्त्याच्या ताब्यात, कर्तरी. आता ‘त्याने चिंच खाल्ली’. कर्ता बदला: ‘तिने चिंच खाल्ली’. ढिम्म. कर्म बदला: ‘त्याने आंबा खाल्ला’. हललं! कर्मणी. आणि ‘त्याने मांजराला पकडले’ मध्ये कर्ता बदला, कर्म बदला, मांजराची मांजरं करा, क्रियापद आपलं ‘पकडले’ला चिकटून. भावे. एक बदलायचं, बाकी धरून ठेवायचं आणि काय हलतं ते बघायचं. हे दुसरं काय आहे?

आणि परीक्षेत पोरं चुकतात कुठे? ‘त्याने आंबा खाल्ला’ याचं एका दमात ‘तिने चिंच खाल्ली’ करून टाकतात. कर्ताही बदलला, कर्मही बदललं, क्रियापद हललं, की ठोकून देतात: कर्तरी. मी दर वर्षी लाल पेननं फुली मारत आले. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कुणामुळे काय झालं हे कळायला मार्ग उरत नाही, हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण ते मलाच असं कधी दिसलं नव्हतं. मी फुली मारत होते ती व्याकरणाच्या चुकीला नव्हे, फसलेल्या प्रयोगाला!

हे सगळं मी वर्गात बोलले. भराभर, अर्धं फळ्यावर, अर्धं हातवाऱ्यांनी. मुलं बघत होती. मग मॉनिटर सावकाश म्हणाली, “म्हणजे बाई, क्रियापद म्हणजे ओरखडा.”

मी खुर्चीत बसले. बसावंच लागलं.

त्यानंतर आमच्या वर्गाची भाषाच बदलली. रांगोळीवर व्हिनेगर टाकायचा तास झाला. कॅल्साइट आम्लात फसफसतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, हे पुस्तकात होतं. एका गटानं अख्ख्या खड्यावर लिंबू पिळलं, बुडबुडे दोन-चार. दुसऱ्यानं त्याचाच चुरा करून व्हिनेगर ओतलं, फेस आला. “व्हिनेगर भारी!” असं ते म्हणताहेत तोवर तिसऱ्या बाकावरून ओरड: “चिंच-आंबा! चिंच-आंबा झालं!” दोन्ही बदललंत, असा त्याचा अर्थ. पुन्हा करा. दोन्हीकडे चुरा, दोन्हीकडे सारखंच वजन. हसण्यावारी नेलेल्या रांगोळ्यांचं काय झालं तेही सांगून टाकते. एकीची चांगली फसफसली, दुसरीची निवांत पडून राहिली. दोन दारांतली दोन पांढरी स्वस्तिकं, दोन वेगळ्या दगडांची! पूर्वी रांगोळी शिरगोळ्याची कुटत, हे आजीच्या तोंडून ऐकलं होतं. शिरगोळा हा दगड असतो हे मात्र डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

आता पुन्हा त्या दोन शिरोरेषांकडे. इतका वेळ मी ते मुद्दाम मागे ठेवलं, ताटातला गोडाचा पदार्थ ठेवतात तसं.

तो खडा कॅल्साइटचा. असाच पारदर्शक कॅल्साइट आइसलंडमधून डेन्मार्कला गेला आणि रास्मुस बार्थोलिननं 1669 मध्ये त्यातून दोन प्रतिमा दिसतात हे लिहून ठेवलं. रायगडावर राज्याभिषेक व्हायला अजून पाच वर्षं होती! (इतिहासाच्या बाईला एवढी सूट द्या.) आत शिरलेल्या प्रकाशाची दोन किरणांत फाळणी होते, एक सरळ जातो, दुसरा कलून. खडा कागदावर तसाच ठेवून गोल फिरवला तर एक अक्षर जागचं हलत नाही आणि दुसरं त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतं. कुठलं अक्षर देव आणि कुठलं भक्त यावरून एक पूर्ण तास गेला.

मुलांनी कोनमापक लावला. खड्याच्या मोठ्या बाजूचा कोपरा जवळपास 102 अंश, शेजारचा 78. ढिगाऱ्यातून आणलेल्या नखाएवढ्या तुकड्याचा? 102 आणि 78. चुऱ्यातल्या कणाचाही, भिंगातून दिसतो तितपत, तसाच कलता चौकोन.

मग प्रश्न आला: दोन रेघांमधलं अंतर कशावर ठरतं? एक बदलायचं. काय? जाडी. आमचा खडा 22 मिलिमीटर जाड होता आणि रेघांमधलं अंतर अडीच मिलिमीटरला किंचित कमी. दुसरा, वेगळ्या जाडीचा, तितकाच स्वच्छ खडा आमच्याकडे नव्हता.

“फोडू?” खाणीवरचा पोरगा म्हणाला.

माझ्या पोटात गोळा आला. तो खडा तोवर माझा झाला होता, मी तो पर्समध्ये रुमालात गुंडाळून घरी नेत असे. पण त्याच्या डोळ्यांकडे बघून नाही म्हणवेना. त्यानं खडा फडक्यात धरला, कडेला, वरच्या बाजूला समांतर अशी वडिलांची छोटी छिन्नी टेकवली आणि हातोडीनं टक् केलं. फोडलं असं म्हणताच येत नाही. उघडला. दोन तुकडे, दोन्ही आरशासारखे गुळगुळीत, दोन्ही तसेच कललेले. “ह्याला रेषा असते बाई, तिथं मारलं की आपणहून सुटतो,” तो म्हणाला. पुस्तकात याला पाटन म्हणतात. सहामाहीत याच मुलाला विज्ञानात 31 मार्क होते.

11 मिलिमीटरच्या तुकड्यातून अंतर दिसलं सव्वा मिलिमीटरच्या आसपास. जाडी निम्मी, अंतर निम्मं! सेंटिमीटरमागे साधारण एक मिलिमीटर. वर्गात नाच. आता उलटा पडताळा, दोन्ही तुकडे एकावर एक ठेवायचे, जाडी पुन्हा 22, अंतर पुन्हा अडीच यायला हवं. मॉनिटरनं एक तुकडा ठेवला, त्यावर दुसरा. खाली ‘क’ लिहिलेला.

“बाई, चार आहेत.”

“काय चार?”

“चार क.”

चार. दोन ठळक, दोन फिकट. पुढच्या गटानं करून पाहिलं, त्यांना दोनच दिसले, पण तिरपे. तिसऱ्या गटाला एकच! एकच ‘क’, दोन खड्यांतून, जणू मध्ये काही नाहीच! खिळ्याच्या भांडणाच्या दसपट आवाज झाला. शेजारच्या वर्गातून सर बघून गेले. जाडी तीच, खडे तेच, कागद तोच, अक्षर तेच. अकरा गोष्टींच्या यादीवर आम्ही सगळ्यांनी बोट ठेवून पाहिलं. मग ती मिठाच्या पुड्यावाली, जी एरवी वर्गात फारसं बोलत नाही, म्हणाली, “वरचा कसा ठेवायचा हे आपण लिहिलंच नाही.”

वरचा तुकडा फिरलेला होता! दर गटानं आपापल्या परीनं ठेवलेला. बारावी गोष्ट, यादीत नसलेली! मग ती धरून ठेवायची सोडून तीच बदलायला घेतली. आधी तुकडे फोडण्यापूर्वी जसे होते तसे जुळवले: दोन अक्षरं. वरचा हळूहळू फिरवला: दोनाची चार, नवी फिकट, हळूहळू ठळक होणारी, जुनी विझत जाणारी. पाव फेरीला पुन्हा दोन, तिरपी. पुढे पुन्हा चार. आणि अर्ध्या फेरीला सगळी एकमेकांत शिरून एक. मी स्वतः, मान मोडेपर्यंत, फिरवत राहिले. घरी जेवणाच्या टेबलावर नवऱ्याच्या वर्तमानपत्रावर ठेवून फिरवलं. तो म्हणाला, “मथळा तर वाचू दे.” मी म्हटलं, “चारदा वाच.”

पहिल्या खड्यातून निघालेला प्रकाश आत शिरण्यापूर्वीचा राहत नाही. त्याची थरथर एका दिशेला बांधली जाते, म्हणून दुसरा खडा कुठे तोंड करून बसला आहे याला महत्त्व येतं. आज हे सांगता येतं. पण डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयखेन्सनं नेमका हाच दोन खड्यांचा खेळ केला होता, 1690 च्या प्रकाशावरच्या ग्रंथात तो लिहिला आहे, आणि त्याचं समाधानकारक कारण आपल्याला सापडलं नाही हेही तिथेच प्रांजळपणे मांडलं आहे. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा 31 मार्कवाला म्हणाला, “त्याच्याकडे पण छिन्नी होती का?” पुढे 1808 साली पॅरिसमध्ये एतिएन-लुई मालूसनं खिडकीच्या काचेवरून परावर्तित झालेलं मावळतीचं ऊन असल्याच खड्यातून पाहिलं, खडा फिरवला, आणि दोनांतली एक प्रतिमा विझली. मग कोडं सुटायला लागलं. आमच्या व्हरांड्यातही संध्याकाळी खिडक्यांवर ऊन येतं. शाळा सुटल्यावर नऊ जण थांबले. प्रतिमा पूर्ण विझली नाही, मंद झाली. आम्ही कुठल्या कोनातून बघत होतो हे लिहून ठेवलं नव्हतं. आता ठेवतो.

परवा विज्ञानाच्या बाईंचा माहेरून फोन आला. बाळ छान आहे. किती धडे झाले, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, “पूर्ण?” मी म्हटलं, जवळजवळ. हेडसर एकदा वर्गात डोकावले होते, वरचा तुकडा त्यांनीही फिरवून पाहिला, काही न बोलता गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

उद्या तिसरा तुकडा यायचा आहे. खाणीत नवा सुरुंग झाला, मांजऱ्या लागला, मुकादमानं शिव्या दिल्या आणि आमच्यासाठी एक स्वच्छ खडा बाजूला पडला, असा निरोप सकाळीच आलाय. तीन एकावर एक ठेवून, तिघांची तोंडं तीन दिशांना करून, खाली एकच ‘क’. किती दिसतील? फळ्यावर पैजा लागल्या आहेत. मॉनिटर सहावर ठाम आहे. मिठाच्या पुड्यावालीनं कागदावर काहीतरी लिहिलंय, घडी घातलीय, दाखवत नाही. छिन्नीवाला म्हणतो, आधी बघू द्या, मग सांगतो.

मी आठवर आहे.